पहिल्या बटणातलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना ब्रेलर आहे. नाही, हार्मोनियम नाही. शिवणयंत्रही नाही. टायपिंगचं मशीन म्हणालात तर जरा जवळ आलात, पण माझ्यात शाई नाही आणि फीतही नाही. मी जाड कागदावर टिंबं उठवतो. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, ती माझ्यावर लिहितात आणि लिहिलेलं बोटांनी वाचतात. बस, एवढंच. इतकी साधी गोष्ट मोठ्या माणसांच्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत माझा जीव अगदी मेटाकुटीला आला. म्हणून आज मी तुमच्याशी बोलायचं ठरवलं आहे. तुम्ही लहान आहात, तुम्हांला लवकर समजेल.

आधी माझी ओळख नीट करून देतो. मला सहा बटणं आहेत. तीन डावीकडे, तीन उजवीकडे आणि मध्ये एक लांब पट्टी. एक बटण दाबलं की एक टिंब उठतं. ‘अ’ लिहायला फक्त पहिलं बटण दाबायचं. ‘क’ लिहायला पहिलं आणि तिसरं एकदम. मराठीतला ‘क’ आणि कन्नडमधला ‘क’ माझ्याकडे एकच आहे, त्यामुळे आमच्या सीमेवरच्या भागात मी फार सोयीचा. ओळ संपत आली की माझ्या पोटातली घंटी ‘टिंग’ करते. ही घंटी मुलांना फार आवडते आणि शिक्षकांना अजिबात आवडत नाही.

माझा जन्म चेन्नईजवळच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथून मी कलबुर्गीला, मुलांच्या एका निवासी शाळेत आलो. तेव्हा सगळे त्या शहराला गुलबर्गाच म्हणत. तिथले माझे दिवस फार चांगले गेले. रोज तीस-तीस मुलं माझ्यावर हात चालवायची. कोणी हळू, कोणी धाडधाड. एकाने तर रागाच्या भरात माझ्यावर मूठ आपटली होती. मला काही झालं नाही. मी लोखंडाचा आहे, मला काय होणार?

तिथे हावगेप्पा सर होते. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. माझा आवाज जरा बदलला की ते दुसऱ्या खोलीतून ओरडायचे, “ए, त्याचं पाचवं बटण तक्रार करायलंय, तेल घाला!” आणि खरंच पाचव्याची तक्रार असायची. नवीन मूल आलं आणि मला भीत भीत हात लावू लागलं की सर म्हणायचे, “नुस्तं चाचपू नको. दाब. त्याला दुखत न्हाई.” त्या शाळेत माझं कौतुक झालं ते असं, कामातून झालं. सर निवृत्त होऊन आपल्या गावी, जनवाड्याला गेले. पुढे शाळेत बोलणारे संगणक आले आणि मी मागच्या खोलीत गेलो. त्याचं मला वाईट वाटलं नाही. जुनं मागे पडायचंच.

मग एक दिवस सरकारचा कागद आला. समावेशक शिक्षण. म्हणजे काय, तर ज्याला दिसत नाही त्या मुलानेही आपल्याच गावच्या शाळेत, आपल्याच मित्रमैत्रिणींबरोबर, एकाच बाकावर बसून शिकायचं. त्यासाठी लागणारं साहित्य त्या शाळेला द्यायचं. कल्पना मला मनापासून आवडली. मला पुसून-पासून एका खोक्यात घातलं आणि बीदर जिल्ह्याच्या अगदी कडेच्या एका गावात पाठवलं. त्या गावाच्या तुरीच्या शेतांपलीकडे महाराष्ट्राची हद्द लागते. गावाचं नाव मी सांगणार नाही. उगीच हेडमास्तरांची अब्रू जायची.

हेडमास्तरांचं नाव उद्धवराव. माणूस अतिशय सज्जन. मित्रांनो, हीच तर खरी अडचण होती. वाईट माणसावर निदान मनसोक्त चिडता तरी येतं. उद्धवराव मुलांना औषधं आणून देत, झाडांना स्वतः पाणी घालत, कोणावर हात उगारत नसत. मी आलो तेव्हा त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून घेतलं, फोटो काढला, अंगावर प्लास्टिक चढवलं, त्यावर लाल टॉवेल गुंडाळला आणि मला लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. “महागाची वस्तू हाय,” ते म्हणाले. “मोडली तर वर काय उत्तर द्यायचं?” मग त्यांनी एक रजिस्टर काढलं आणि त्यात माझं नाव लिहिलं. रजिस्टरचं नाव होतं ‘डेड स्टॉक’. मी धडधाकट होतो हो!

कपाटात माझ्या शेजारी पृथ्वीचा एक गोल होता. तो कधी फिरला नव्हता. एक फुटबॉल होता. त्यात कधी हवा भरली नव्हती, कारण हवा भरली तर मुलं खेळतील आणि खेळली तर तो फुटेल. आम्ही तिघं अंधारात एकमेकांकडे बघत बसायचो.

ज्या मुलीसाठी मला आणलं होतं, तिचं नाव प्रियंका. मी आलो तेव्हा ती पाचवीत होती, ही गोष्ट घडली तेव्हा सातवीत. तिला जन्मापासून दिसत नाही. तिची आई शोभाबाई शाळेतच दुपारचं जेवण रांधते. स्वयंपाकघराची आणि ऑफिसची भिंत एकच आहे आणि माझं कपाट त्या भिंतीला टेकून आहे. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. त्या शाळेत प्रियंकाला कोणी वाईट बोलत नसे. उलट सगळे तिला इतकं जपायचे की अंगावर काटा यावा. खेळाच्या तासाला तिला सावलीत बसवायचे. चित्रकलेच्या तासाला ‘तू गाणं म्हण’ म्हणायचे. पाहुणे आले की तिला पुढच्या बाकावर बसवून तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. तिला ‘प्रियंका’ अशी हाक कमी आणि ‘बिचारी’ अशी हाक जास्त ऐकू यायची.

आणि गणिताच्या तासाला तिला वर्गातून उठवून आईकडे पाठवायचे. ‘थोडा आराम कर’ म्हणून. स्वयंपाकघराच्या दुसऱ्या भिंतीपलीकडे वर्ग, अलीकडे ती. एकदा ती आईला म्हणाली,

“आई, मला कामून हितं पाठवतेत?”

“सर म्हणालेत, गणित फळ्यावर बघून करायचं असतंय.”

“मी ऐकूनच केलं की. एकशे चव्वेचाळीस भागिले सोळा. नऊ येतेत. आत अजून कुणालाच येईना, ऐक बरं.”

पलीकडे खरोखरच कोणाला येत नव्हतं. थोड्या वेळाने वर्गातून आवाज आला, “नऊ!” तेव्हा शोभाबाईच्या हातातली पळी भांड्यावर जरा जोरात आपटली.

मला कपाट फोडून बाहेर यावंसं वाटे. पण ब्रेलर चालत नाही.

महिन्यातून एकदा श्रीदेवी टीचर यायच्या. दृष्टिहीन मुलांना शिकवायला सरकारने नेमलेल्या त्या विशेष शिक्षिका. पण त्यांच्याकडे सगळा तालुका. त्या एस.टी.ने यायच्या, उन्हात चालत शाळेत पोहोचायच्या आणि विचारायच्या, “मशीन कुठंय?” पहिल्यांदा उत्तर मिळालं, किल्ली सरांकडे आहे आणि सर बीदरला मीटिंगला गेलेत. दुसऱ्यांदा सर होते, पण किल्ली घरी होती. तिसऱ्यांदा सर म्हणाले, “टीचर, आधी तिला लिहायला येऊ द्या, मग मशीन काढू.” आता सांगा, पोहायला आल्यावरच पाण्यात उतरायचं म्हटलं तर कोणी कधी पोहेल का? श्रीदेवी टीचरनी कपाळाला हात लावला.

त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला बसल्या होत्या. आमच्या शाळांत मुलांना उकडलेली अंडी देतात, ती पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये येतात. श्रीदेवी टीचर त्या ट्रेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “शोभाक्का, ह्यातला सहा खड्ड्यांचा तुकडा तोडून द्या बघू.” शोभाबाईने दोन रांगांत तीन-तीन खड्डे असलेला तुकडा कापून दिला आणि डब्यातले मूठभर चिंचोके आणले. खड्डा म्हणजे टिंबाची जागा, चिंचोका म्हणजे टिंब. पहिल्या खड्ड्यात चिंचोका ठेवला की ‘अ’. पहिल्या आणि तिसऱ्यात ठेवला की ‘क’.

महिनाभरात प्रियंकाला सगळी अक्षरं आली. आकडे आले. शोभाबाई स्वतः चौथी शिकलेली, पण लेकीला शिकवता शिकवता तिलाही सगळं आलं. वरण उकळत ठेवून दोघी एकमेकींना ओळखायला लावायच्या. “हे काय सांग?” “म.” “हे?” “सात!” आणि मी कुठे होतो? भिंतीच्या पलीकडे, दहा पावलांवर. टॉवेलात.

मग सहामाही परीक्षा आली. प्रियंकाला गणिताच्या तासाला सूट असली तरी निकालपत्रकात आकडा भरायलाच हवा होता. म्हणून तिला लेखनिक दिला. ती सांगणार, तो लिहिणार. लेखनिक खालच्या वर्गातला हवा म्हणून पाचवीतला हरिओम आणून बसवला. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला कोणी धड समजावलंच नव्हतं. प्रियंकाने सांगितलं, “तीन छेद आठ.” त्याने अडतीस लिहिले. तिने सांगितलं, “थांब, मला परत वाचून दाखव.” तो म्हणाला, “अक्का, बरोबर लिवलंय, चला पुढं.” त्याला खेळायला जायचं होतं.

परीक्षा संपली आणि सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शाळेत आयुधपूजा झाली. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची, गाड्यांची, यंत्रांची पूजा करतात. शेतात नांगर पुजतात, शाळेत संगणक पुजतात. उद्धवरावांनी शाळेची घंटा, पाण्याची मोटर, स्वयंपाकघरातला मिक्सर सगळं ओळीने मांडलं. आणि मग कपाटाचं कुलूप उघडलं. मित्रांनो, टॉवेल निघाला आणि माझ्यावर ऊन पडलं तेव्हा मला वाटलं, सुटलो.

“ह्याची पूजा आपल्या प्रियंकाच्या हातानं करू,” उद्धवराव सगळ्यांसमोर म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. प्रियंकाला पुढे आणलं, तिच्या ओंजळीत झेंडूची फुलं दिली. तिच्या घरी बुद्धवंदना असते, पूजा नसते, पण तिला त्याचं काही नव्हतं. तिने फुलं एका हातात घेतली आणि दुसरा हात माझ्यावरून फिरवला. बोटं थांबली. तिने फुलं सरळ खाली ठेवली आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवले.

“आई!” ती ओरडली. “सहा हायत! तीन हिकडं, तीन तिकडं. आपल्या ट्रेवानी!”

आणि तिने पहिलं बटण दाबलं. खट्. दोन वर्षांत माझा तो पहिला आवाज. कागद नव्हता, पण ‘अ’ झाला होता.

“अगं, अगं! हात काढ बाळ,” उद्धवराव धावले. “हळद ओली हाय. मोडलं-बिडलं तर?”

शोभाबाई मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, “सर, तिला एकडाव लिहू द्या की ह्याच्यावर.”

“सुट्टीनंतर बघू की शोभाबाई. आज पूजा हाय.”

मग माझी पूजा झाली. काय सांगू तुम्हांला! विभूती लावली, हळद लावली. प्रत्येक बटणावर कुंकू लावलं आणि पहिल्या बटणावर सगळ्यांत जास्त, कारण सुरुवात तिथून. नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं. ते माझ्या बटणांच्या फटींतून आत गेलं. वर एक केळं ठेवलं. सगळ्यांनी हात जोडले. उद्धवरावांनी मला तसंच टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलं. कुलूप लागलं आणि शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली.

चांगली वीस दिवसांची सुट्टी. केळं काळं पडलं. मुंग्या आल्या. नारळाच्या पाण्यात भिजलेलं कुंकू माझ्या पहिल्या बटणाखाली वाळून घट्ट झालं. तीस मुलांच्या धसमुसळेपणाने जे कधी झालं नव्हतं, ते त्या एका पूजेने केलं. माझं पहिलं बटण बसलं.

सुट्टीनंतर निकाल आले. प्रियंकाला गणितात पस्तीस. ती ऑफिसात येऊन विचारू लागली, “सर, माझं काय काय चुकलं?”

“तू कशाला काळजी करतीस? पास केलंय की तुला.”

“पास झाले का केलं?”

त्याच आठवड्यात शेजारच्या मोठ्या गावच्या हायस्कूलमधून निरोप आला. पुढच्या वर्षी आठवीसाठी सगळा वर्ग तिथेच जाणार होता. तिथले हेडमास्तर म्हणाले होते, मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेला एक तरी पेपर दाखवा, मग बघू. उद्धवरावांनी शोभाबाईला बोलावून समजावलं, “हे काय जमायचं दिसत न्हाई. तिला गुलबर्ग्याला वसतिगृहात ठेवा. तिथं तिच्यासारखी लेकरं असतेत.”

मला त्या शाळेबद्दल एक शब्दही वाईट बोलायचा नाही. माझे सगळ्यांत चांगले दिवस तिथेच गेले. पण तिथे जायचं तर मुलीच्या मर्जीने जावं. गावच्या शाळेला कपाटाची किल्ली फिरवायचा कंटाळा आला म्हणून नव्हे. प्रियंकाला घरी आईजवळ राहायचं होतं आणि आपल्या मैत्रिणींबरोबर हायस्कूलला जायचं होतं. त्या दिवशी भिंतीपलीकडे बराच वेळ चिंचोक्यांचा आवाज आला नाही.

श्रीदेवी टीचर आल्या त्या सरळ ऑफिसात. “सर, आज मशीन बघितल्याशिवाय मी जात नाही. शेवटची एस.टी. गेली तरी चालेल.” उद्धवरावांनी मोठ्या अभिमानाने कपाट उघडलं. “बघा, दोन वर्षं झाली. एक ओरखडा न्हाई.” टॉवेल निघाला. मुंग्या इकडेतिकडे पळाल्या. श्रीदेवी टीचर माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना हसावं की रडावं कळेना.

“अय्यो सर, हे काय केलंत?”

“पूजा केली,” उद्धवराव म्हणाले.

तरी टीचरनी कागद लावला आणि प्रियंकाला बसवलं. तिने श्वास रोखून ‘अ’ दाबला. काही उठलं नाही. ‘क’ दाबला तर तिसरंच काहीतरी उठलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिने कागदावरून बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला.

“टीचर, माझंच चुकलं असंल. मला येत न्हाई वाटतं.”

मित्रांनो, मला त्या क्षणी जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिचं सगळं बरोबर होतं. एक एक बोट योग्य जागी होतं. बिघडलो होतो मी, आणि दोष स्वतःला देत होती ती. आणि मला बोलता येत नव्हतं!

टीचरनी तिथूनच जनवाड्याला फोन लावला. चार दिवसांनी एस.टी. थांब्यावर पांढऱ्या काठीची टकटक ऐकू आली आणि मी आवाज ओळखला. हावगेप्पा सर आले होते. केस पिकले होते, चाल तीच होती. त्यांनी मला हात लावायच्या आधी वास घेतला.

“कुंकू,” ते म्हणाले. “आणि नारळ. हे केलं कुणी?”

सरांनी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश आणि रॉकेलची बाटली काढली. त्यांनी स्वतः खोललं नाही. प्रियंकाचे हात धरले आणि तिलाच खोलायला लावलं. “हा स्क्रू. फिरव. पडला तर पडू दे, शोधता येतंय.” तिने माझं पोट उघडलं, प्रत्येक दांडी चाचपली, ब्रशने कुंकू खरवडून काढलं. तिची बोटं लाल झाली. सर तिला एकेक गोष्ट सांगत होते. “आणि हे ध्यानात ठेव. लिहिताना चुकलं तर सहाही बटणं एकदम दाबायची. सहा टिंबांचा ठोकळा उठतो. बोटाला लागला की समजायचं, हितं चूक हाय. चुकीला लाजायचं न्हाई, पण दाखवायची.”

बटण सुटलं. खट्. ‘अ’ उठला. प्रियंकाने त्यावर बोट ठेवलं आणि ती कितीतरी वेळ ते उचलेचना.

सर उद्धवरावांकडे वळले. “मास्तर, ही मधली पट्टी बघा. खड्डा पडलाय का न्हाई? तो लेकरांच्या अंगठ्यांनी पडलाय. रोज तीस लेकरं बडवायची ह्याला, तेव्हा हे मोडलं न्हाई. तुमच्या कपाटात मोडलं.”

उद्धवरावांनी पट्टीवरून हात फिरवला. त्या संध्याकाळी मला कपाटात ठेवलं नाही.

यापुढे सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल तर तुम्हांला शाळा माहीत नाही. मी वर्गात आलो तर माझ्या खटखटीने शिकवण्यात व्यत्यय येतो अशी तक्रार झाली. घंटी वाजली की मुलं हसायची. मग जाड कागद संपला. तो कुठून आणायचा यावर आठवडाभर चर्चा झाली. शेवटी मुलांनीच घरोघरची जुनी कॅलेंडरं गोळा केली. कॅलेंडरचा कागद चांगला जाड असतो आणि मागची बाजू कोरी असते. आमच्या प्रियंकाचा सगळा अभ्यास गेल्या वर्षीच्या एकादश्यांच्या आणि सणांच्या पाठीमागे झाला. गणिताच्या तासाला ती आता वर्गातच बसायची, आणि उत्तर सांगायची घाई इतकी की तिला दोनदा गप्प बसवावं लागलं. मला ते फार आवडलं. तिला पहिल्यांदाच कोणी रागावत होतं.

वार्षिक परीक्षेत तिने गणिताचा पेपर स्वतः लिहिला. श्रीदेवी टीचरनी प्रश्न ब्रेलमध्ये करून पाठवले होते. वीस गणितं, तीन कॅलेंडरची पानं, अकरा वेळा टिंग. लेखनिक नाही, मदत नाही. हात भरून आले तेव्हा तिने ते झटकले आणि पुन्हा बसली.

आणि मग उद्धवराव म्हणाले, “आता हे तपासायचं कुणी?”

मी हात टेकले. म्हणजे मला हात असते तर टेकले असते. श्रीदेवी टीचरना दुसऱ्या तालुक्यात कामाला लावलं होतं, त्या निकालाआधी येणार नव्हत्या. उद्धवराव प्रियंकाला म्हणाले, “तू मेहनत केलीस बाळ. मी पन्नास देतो.”

“न्हाई सर,” प्रियंका म्हणाली. “मला दिलेले नकोत. तुम्ही तपासा.”

“मला हे वाचता येत न्हाई गं.”

“आई शिकवंल की. आकडे दहाच हायत.”

मग मित्रांनो, तीस वर्षं नोकरी केलेले हेडमास्तर तीन दुपारी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसले आणि शोभाबाईकडून अंड्याच्या ट्रेवर आकडे शिकले. “सर, दुसऱ्या खड्ड्यात न्हाई, चौथ्यात. परत ठेवा.” ते एकदा रुसलेसुद्धा. “मला जमणार न्हाई शोभाबाई.” ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, “लेकरांना येतंय सर.” ते परत बसले.

चौथ्या दिवशी ते भर वर्गात पेपर घेऊन आले. “प्रियंका, तुझं चौदावं चुकलंय.”

ती उभी राहिली. “कुठं सर?”

उद्धवरावांनी खिशातला लाल पेन काढला. मग ते थांबले. लाल रेघ तिला कशी दिसणार? त्यांनी पेन परत ठेवला. मला पुढे ओढलं, तिचं कॅलेंडरचं पान माझ्यात घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं, ओळ जुळवता जुळवता घामाघूम झाले. मला आणून दोन वर्षं उलटली होती, पण लिहायला म्हणून माझ्या बटणांना त्यांची बोटं आज पहिल्यांदा लागली. त्यांनी सहाही बटणं एकदम दाबली. खट्.

प्रियंकाने बोट फिरवलं. सहा टिंबांचा ठोकळा. तिचे ओठ हलले. अठ्ठ्याऐंशी गुणिले आठ. “व्हय की! हातचे सहा होते, मी सात धरले. सातशे चार पायजे, मी सातशे चौदा लिवले.” आणि मग, “सर, मार्क कापले का?”

“कापले. पाच.”

“आई!” ती भिंतीकडे तोंड करून ओरडली. “माझं एक चुकलं!”

इतक्या आनंदाने चूक सांगणारं मूल मी तीसजणांच्या शाळेतही पाहिलं नव्हतं. तिला शंभरांपैकी पंच्याण्णव मिळाले. त्यांतला एकही कोणी तिला दान दिला नव्हता. तोच पेपर, तो ठोकळ्यासकट, हायस्कूलला गेला आणि तिला प्रवेश मिळाला. उद्धवरावांनी डेड स्टॉकमधून माझं नाव काढून माझी रवानगी तिच्याबरोबर केली.

म्हणून मित्रांनो, तुम्हांला हात जोडून, म्हणजे बटणं जोडून, एक विनंती आहे. तुमच्या वर्गात असं कोणी असेल तर त्याला सावलीत बसवू नका. त्याच्याशी भांडा, त्याला खेळायला घ्या, त्याचं चुकलं तर चुकलं म्हणून सांगा. आणि माझ्यासारखी वस्तू कपाटात दिसली तर मोठ्यांच्या मागे लागून किल्ली फिरवायला लावा. मी झिजून मोडलो तर मला काही वाटणार नाही.

जून महिन्यात प्रियंका मला घेऊन हायस्कूलमध्ये गेली. नवे हेडमास्तर वर्गातल्या खुर्चीवरून उठले, त्यांनी मला चारही बाजूंनी निरखून पाहिलं आणि शिपायाला हाक मारली.

“अरे, महागाचं दिसतंय. नीट पुसून कपाटात ठेव.”

मी डोळे मिटणार होतो. पण प्रियंकाने मला बाकावर ठेवलं, स्वतः मागे बसली आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवले. तिच्या डाव्या हाताच्या बोटाच्या नखाखाली अजून जराशी लाली होती. ती माझ्या पहिल्या बटणाच्या फटीतली. पूर्ण कधी निघतच नाही ती.

“कपाटात न्हाई सर,” ती म्हणाली. “पहिला तास कशाचा हाय?”

“गणिताचा.”

“मग हे हितंच ऱ्हाईल.”

आणि तिने पहिलं बटण दाबलं.